पत्ता कुणाचा, नंबर कुणाचा

भोसरीत दिघी रोडवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. वर्षभर आधार, पॅन, भाडेकरार, वीजबिल अशी कामं चालतात. दहावीचा निकाल लागला की पुढचे चार महिने दुकान प्रवेशाचं होऊन जातं. अकरावी, आयटीआय, डिप्लोमा, मग बारावीनंतरचं इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून गुरुवारी वडील मंडळी स्वतः येतात. एरवी आया येतात, पहिली पाळी सुटली की डब्याची पिशवी खांद्याला तशीच. प्रश्न एकच असतो, "ताई, लिस्ट लागली का?"

माउलींची पालखी दिघीवरून पुढे जाते त्या सुमाराला हा प्रश्न सुरू होतो आणि गणपती बसेपर्यंत चालतो. घरोघर दोन-तीन महिने जीव टांगणीला लागलेला असतो. या माणसांना मी रोज बघते, आणि त्यांना एक गोष्ट कुणीतरी आधीच सांगायला हवी होती असं मला सारखं वाटतं: लिस्टची वाट बघत बसायची वेळ येते तेव्हा निम्म्याहून जास्त निर्णय होऊन गेलेला असतो, आणि तो तुमच्याच हातून झालेला असतो.

पूर्वी ही वाट पोस्टमनची असायची. माझे वडील सत्तरच्या दशकात खटाव तालुक्यातून इकडे आले. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्येच उभी राहिली होती, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आकुर्डीला बजाज, चिंचवडला टेल्को, आणि भोसरीत त्यांना सुटे भाग पुरवणारी लहान लहान वर्कशॉप. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली. माणसं आली तशा शेतांच्या कडेला चाळी उभ्या राहिल्या. दहा बाय दहाची खोली, समोर सामायिक नळ. पत्ता लिहायचा तो मालकाच्या नावाने: स्वतःचं नाव, खाली 'द्वारा', मग मालकाचं नाव आणि चाळ. पोस्टमन गल्लीत खोल्या शोधत फिरायचा नाही. सगळ्या चाळीचं टपाल मालकाच्या ओट्यावर ठेवून पुढे जायचा.

त्यात पिनचाही त्रास होता. भोसरी गावाचा पिन ४११०३९ आणि इंडस्ट्रियल इस्टेटचा ४११०२६. गावाकडचे नातेवाईक, शाळेचे क्लार्क, कुणी काय लिहील याचा नेम नसे. २६ लिहिलं की पत्र कंपन्यांच्या टपालात मिसळून दोन दिवस उशिरा आपल्यापर्यंत यायचं.

माझा भाऊ १९८७ मध्ये दहावी झाला आणि त्याने आयटीआयचा फॉर्म भरला. फॉर्मसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला लिफाफा जोडायचा. निवड झाली तर त्याच लिफाफ्यातून कॉल लेटर येणार. तो लिफाफा त्याने किती जपून लिहिला होता! अक्षर सुंदर यावं म्हणून आधी वहीत सराव केला, मग शाईच्या पेनाने उतरवला, सुकेपर्यंत हात लावू दिला नाही. पण खोलीचा करार अकरा महिन्यांचा होता. मुदत संपली, मालकाला खोली हवी होती, आम्ही दोन गल्ल्या पलीकडे गेलो. लिफाफ्यावर जुनी चाळ होती.

श्रावणात जुन्या मालकांकडे सत्यनारायण होता. आई प्रसादाला गेली, तेव्हा मालकीणबाईंनी कोनाड्यातून वीजबिलांच्या गठ्ठ्यातला तो लिफाफा काढून दिला. मुलाखतीची तारीख उलटून गेली होती. वडील दुसऱ्या दिवशी खाडा करून भावाला घेऊन गेले. फिटर भरलेला, टर्नर भरलेला, मशिनिस्ट भरलेला. वेल्डरची जागा शिल्लक होती. फिटरचा कोर्स दोन वर्षांचा, वेल्डरचा एका वर्षाचा. भाऊ वेल्डर झाला. चाकणला फॅब्रिकेशनमध्ये त्याने नाव कमावलं, आज त्याच्या हाताखाली माणसं आहेत. पण त्याला मशीन चालवायचं होतं हे मला माहीत आहे, आणि मालकीणबाईंनी मुद्दाम काही केलं नव्हतं हेही माहीत आहे. पत्रावर नाव भावाचं होतं, पत्ता दुसऱ्याचा होता, एवढंच घडलं.

आता लिफाफा गेला. आयटीआयचे प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय ऑनलाइन करतं, डिप्लोमाचे तंत्रशिक्षण संचालनालय, इंजिनिअरिंग-फार्मसीचे राज्याचा सीईटी कक्ष. अकरावीचे प्रवेश आधी मुंबई, पुणे-पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांपुरतेच ऑनलाइन होते. २०२५ पासून सगळ्या राज्याचे एकत्र होऊ लागले. त्या वर्षी मे महिन्यात नोंदणी सुरू होताच संकेतस्थळ अडखळलं, वेळापत्रक पुढे गेलं आणि माझ्या दुकानात रांग रस्त्यावर आली. यंत्र बदललं, तरी पत्त्याची अडचण तीच राहिली आहे. ती कशी, ते सांगण्याआधी प्रवेशाचा निर्णय होतो कसा ते सांगायला हवं.

अमेरिकेत कॉलेजचं उत्तर वर्षानुवर्षं टपालाने यायचं. जाड पाकीट आलं तर प्रवेश, पातळ आलं तर नकार, हे तिथल्या मुलांना फोडण्याआधीच कळायचं. तिथे कॉलेजमध्ये माणसं बसून अर्ज वाचतात: मुलाने लिहिलेला निबंध, शिक्षकांची शिफारस, खेळ, छंद. कुणाचं तरी मन वळवायचं असतं. आपल्याकडे केंद्रीय प्रवेशात असं कुणी बसलेलं नाही. "साहेबांनी माझ्या पोराला घेतलं नाही," असं म्हणणाऱ्या वडिलांना मी सांगते, "दादा, साहेब नाहीच तिथे." तुमचा गुणवत्ता क्रमांक, तुमचा प्रवर्ग, प्रत्येक कॉलेजातल्या जागा आणि तुम्ही भरलेला पसंतीक्रम एवढ्यावर संगणक जागा वाटतो.

वाटप साधं आहे. पहिल्या क्रमांकाच्या मुलाची यादी उघडली जाते, त्यातली वरची जी जागा रिकामी असेल ती त्याला. मग दुसरा, मग तिसरा. तुमच्या मुलीचा नंबर येईल तेव्हा तिची यादी वरून खाली वाचली जाते आणि तिला हक्क असलेली पहिली रिकामी जागा मिळते. आरक्षणामुळे आतलं गणित गुंतागुंतीचं होतं, पण तत्त्व हेच. यातून एक गोष्ट निघते आणि ती मी दर वर्षी घसा बसेपर्यंत सांगते: अवघड कॉलेज वर लिहिल्याने खालचं कॉलेज हातचं जात नाही. वरचं नाही मिळालं तर संगणक खाली उतरतो, शिक्षा करत नाही. "आपल्याला मिळणार नाही, मग कशाला लिहायचं" म्हणून चांगलं कॉलेज गाळणारी माणसं आपल्याच हाताने आपलं दार लावून घेतात.

याच्यामागे मोठं गणित आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपले या दोन अमेरिकी गणितज्ञांनी १९६२ मध्ये 'अमेरिकन मॅथमॅटिकल मंथली'मध्ये कॉलेजप्रवेश आणि लग्नाच्या जोड्या यांवर एक छोटा लेख लिहिला. मुलांच्या पसंती आणि कॉलेजांच्या पसंती अशा जुळवता येतात की आपापली जोडी मोडून एकमेकांकडे जाण्यात दोघांचाही फायदा होईल, असा मुलगा आणि असं कॉलेज नंतर उरत नाही, हे त्यांनी सिद्ध केलं. शॅपले यांना २०१२ मध्ये अल्विन रॉथ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल तोवर वारले होते. आयआयटी-एनआयटीच्या जागा २०१५ पासून ज्या एकत्रित फेऱ्यांतून वाटल्या जातात, तिथे याच विचाराची पद्धत वापरतात. माझी मुलगी कॉम्प्युटर शिकते, तिने मला हे कागदावर चार मुलं आणि तीन कॉलेजं मांडून दाखवलं. तेव्हापासून मी ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंतीक्रमाचा फॉर्म, भरून घेते तो याच भरवशावर.

आता त्या ऑप्शन फॉर्मकडे जरा जवळून बघा. इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. प्रत्येक पर्याय म्हणजे एक कॉलेज आणि त्यातली एक शाखा, त्याला एक लांबलचक कोड. गेल्या वर्षी एक मुलगी आईला घेऊन आली. आई वायर हार्नेसच्या कंपनीत लाइनवर काम करते, बोटांच्या टोकांना टेपचा चिकटपणा लागलेला. मुलीने यादी मोबाइलवरून, कुणीतरी ग्रुपवर टाकलेली, जशीच्या तशी उतरवून आणली होती. निगडीचं कॉलेज चौदाव्या नंबरावर आणि बीडजवळचं एक सहाव्यावर. आईने यादी हातात घेतली, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारत गेली, "इथं जायला बस आहे का? इथं हॉस्टेल लागंल का? इथलं मिळालं तर तू जाशील का?" मुलगी तिसऱ्या प्रश्नाला गप्प राहिली की ती ओळ आम्ही खोडायचो. दीड तासाने यादी निम्मी उरली, पण ती तिची झाली. जिथे जाणार नाही ती जागा यादीत लिहायची नाही, याहून चांगला नियम मला कुणा समुपदेशकाने सांगितलेला नाही.

हा नियम २०२५ पासून आणखी महत्त्वाचा झाला. त्या वर्षी इंजिनिअरिंगच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागे, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलीही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. याला ऑटो-फ्रीझ म्हणतात. त्या जागेवर गेलं नाही तर पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद. खालची जागा मिळाली तर मात्र ती धरून ठेवून पुढच्या फेरीत वर सरकण्याचा प्रयत्न करता येतो. त्याला बेटरमेंट म्हणतात. बेटरमेंटमध्ये वरची जागा मिळाली की आधीची आपोआप सुटते, ती परत मागता येत नाही. असे नियम दर वर्षी थोडे बदलतात, म्हणून मोठ्या भावाच्या वेळचा अनुभव धाकट्याला लावू नका. त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडा.

आणि यादी लागली म्हणजे प्रवेश झाला असं नाही. जागा मिळाल्यावर मुलाने स्वतःच्या लॉगिनमधून ती तपासून स्वीकारायची, हजार रुपये सीट ॲक्सेप्टन्स फी भरायची आणि दिलेल्या दिवसांत मूळ कागद घेऊन कॉलेजात हजर व्हायचं. यातलं एक राहिलं की जागा दुसऱ्याची. पूर्वी कॉल लेटर निदान दारात यायचं. आता ते यायचं बंद झालं आहे. आपणच जाऊन बघायचं, आणि तेही घड्याळ लावून.

इथेच पत्त्याची अडचण पुन्हा उभी राहते, या वेळी मोबाइल नंबर होऊन. बहुतेक घरांत फॉर्मवर वडिलांचा नंबर असतो. चाकण, तळवडे, भोसरीतल्या अनेक कंपन्यांत शॉपफ्लोरवर फोन चालत नाही. गेटवर किंवा लॉकरमध्ये ठेवून आत जायचं. मुलगा माझ्या काउंटरवर उभा, ओटीपी गेलेला वडिलांच्या लॉकरमध्ये, आणि फॉर्मची मुदत आज संध्याकाळी पाचला संपणार, हे दृश्य मी दर सीझनला बघते. एका मुलाचे वडील दुसऱ्या पाळीला होते. आईने कंपनीच्या गेटवरच्या सिक्युरिटीला फोन केला, त्यांनी आत निरोप धाडला, सुपरवायझरने वडिलांना लॉकरपर्यंत सोडलं, त्यांनी आकडे वाचून दाखवले तोवर तो ओटीपी संपलेला. पुन्हा मागवला. काम झालं, पण त्या दहा मिनिटांत त्या पोराच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता.

याहून वाईट म्हणजे दुकानदाराचा नंबर. घाईत कुणी फॉर्म भरणारा स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल टाकतो, पासवर्ड स्वतःच ठेवतो. गेल्या वर्षी एका मुलीला असा फॉर्म घेऊन माझ्याकडे यावं लागलं. तिच्या फॉर्मवरचा दुकानदार गावी गेला होता, फोन लागत नव्हता. मदत केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून, अर्ज करून नंबर बदलून घ्यावा लागला. फेरीची मुदत होती म्हणून निभावलं. हे माझ्याच धंद्यातल्या माणसांचं काम आहे, म्हणून मी ते जाहीर बोलते. माझ्या दुकानात फॉर्म भरायला मुलगा स्वतः यावा लागतो, नंबर घरात राहणाऱ्या माणसाचा लागतो, आणि पासवर्ड त्याच्या वहीत त्याच्या हाताने लिहून घेतल्याशिवाय मी स्क्रीन बंद करत नाही.

वाट बघण्याच्या या दिवसांत तिसराच माणूस दारात येतो. "कशाला लिस्टची वाट बघता, सीट फिक्स करून देतो." घाबरलेल्या आईबापांना ते वाक्य फार गोड लागतं. या धंद्याची पाळंमुळं जुनी आहेत. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, पाठोपाठ देणग्या आल्या, १९८७ मध्ये कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. खासगी कॉलेजांच्या प्रवेशांवरच्या उन्नीकृष्णन खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा निकाल, पुण्यातून गेलेल्या इनामदार खटल्याचा २००५ चा निकाल असं करत करत २०१५ मध्ये राज्याने खासगी व्यावसायिक कॉलेजांचे प्रवेश आणि शुल्क यांचा कायदा केला. हे कायदे आपल्यासारख्यांच्या मुलांना गुणांवर जागा मिळावी म्हणून झाले.

त्यातला पैशाचा हिशेब तर नक्की लक्षात ठेवा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल (ईडब्ल्यूएस), एसईबीसी आणि इतर मागासवर्गीय प्रवर्गांतल्या, वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पण ते केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींना. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ते लागू नाही. शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेचंही तसंच. म्हणजे तिसऱ्या फेरीआधी धीर सोडून जो बाप व्यवस्थापनाच्या जागेसाठी कर्ज काढतो, तो एजंटला पैसे देतोच, वर सरकार जी फी भरणार होतं तीही चार वर्षं स्वतः भरतो. माझ्या ओळखीतल्या एका घराने गाव सोडताना घेतलेली गुंठाभर जागा यासाठी विकली. त्यांच्या मुलीला त्याच शाखेची जागा पुढच्या फेरीत मिळाली असती इतके तिचे गुण होते.

आता सगळ्यात मोठ्या रखडपट्टीबद्दल. भोसरीतली निम्म्याहून अधिक गिऱ्हाईकं लातूर, बीड, धाराशिव, नांदेड, सोलापूर, साताऱ्याकडची. त्यांच्या मुलांचा प्रवेश लिस्टसाठी अडत नाही, कागदासाठी अडतो. राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, जातवैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी पुरावा हवा तो मुलाचा किंवा वडिलांचा नाही, त्याआधीचा: अनुसूचित जातींसाठी १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ पूर्वीचा. म्हणजे आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, कोतवालाच्या बुकातली नोंद, जुना फेरफार. पडताळणी समितीही बहुधा त्याच जिल्ह्याची. ज्यांच्या आजोबांनी शाळेचं तोंडही बघितलं नाही त्यांना चुलत आजोबा शोधावे लागतात. मुलगा जन्माने भोसरीचा, पण त्याच्या प्रवेशाची किल्ली तीनशे किलोमीटरवरच्या एका प्राथमिक शाळेच्या कपाटात. एका लिस्टची वाट आठ दिवसांची असते, या प्रमाणपत्राची वाट महिनोन्महिने चालते, आणि बहुतेक घरं त्याची तयारी बारावीचा निकाल लागल्यावर सुरू करतात. नॉन-क्रिमीलेयरची मुदतही ३१ मार्चला संपते. जूनमध्ये जुना दाखला घेऊन आलेल्यांना मला परत पाठवावं लागतं.

ज्यांची मुलं आज नववी-दहावीत आहेत त्यांनी एवढं करावं. मुलाच्या स्वतःच्या वापरातला एक नंबर ठरवा आणि पुढची पाच-सहा वर्षं तो बदलू नका. आणि आजोबांचा निर्गम उतारा याच वर्षी काढा. दिवाळीला आणि मे महिन्यात गावी जाता तेव्हा शाळा बंद असते, मुख्याध्यापक भेटत नाहीत. गौरी-गणपतीला किंवा पोळ्याला जाल तेव्हा एक खाडा जास्त टाका, कामाच्या दिवशी सकाळी शाळेत जा, उतारा सही-शिक्क्यानिशी घ्या, आणि त्यावरचं नाव, आडनाव, जात मुलाच्या दाखल्याशी जुळते का ते तिथेच उभं राहून वाचून बघा.